आमची वाटचाल : पट्टी, माळ आणि गोधडी

इचलकरंजीत आमचा गोधड्यांचा उद्योग २०११ पासून सुरू आहे. भेटीला येणारे पाहुणे रंगसंगतीचे कौतुक करतात, आजीच्या लुगड्यांच्या वाकळीची आठवण काढतात आणि चहा घेऊन जातात. कोणता तुकडा कोणाला आणि कितव्या खेपेला जोडायचा, या ज्या क्रमावर आमचे घर चालते, त्याची चौकशी सहसा कोणी करत नाही. एका व्यापाऱ्याने ती केली होती, आणि तो प्रकार सविस्तर सांगितल्याशिवाय माझ्याने राहवणार नाही.

आधी तो क्रम सांगते. तो माझ्या थोरल्या जाऊबाईंचा. त्या पूर्वी शर्टांच्या कारखान्यात कॉलर बसवायला होत्या. तिथे एक बाई अख्खा शर्ट शिवत नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेले होते. मी पहिल्या गोधडीचे चौकोन एकेक कापून जुळवत बसले, तेव्हा त्यांनी माझ्या हातातून कातर काढून घेतली आणि कापडाच्या साडेतीन इंची पट्ट्या फाडायला बसवले. आमची नेहमीची गोधडी त्रेसष्ट बाय नव्वद इंचांची, म्हणजे नऊ इंची ब्लॉकच्या (चौकोनी भागांच्या) दहा ओळी आणि प्रत्येक ओळीत सात ब्लॉक. त्यांत पस्तीस ब्लॉक नऊ घरांचे, म्हणजे नऊ छोटे चौकोन जोडून केलेले, आणि मध्ये मध्ये पस्तीस अखंड कापडाचे असतात. नऊ घरांचा ब्लॉक सुटे चौकोन जोडून केला, तर फक्त आडव्या ओळींसाठीच दोनशे दहा छोट्या शिलाया पडतात. त्याऐवजी आम्ही गडद-फिकी-गडद अशा पट्ट्यांचे सहा संच आणि फिकी-गडद-फिकी असे तीन संच अठरा लांब शिलायांत उरकतो आणि मग त्यांचे आडवे साडेतीन इंची काप काढतो. चव्वेचाळीस इंची पन्ह्यातून असे बारा काप निघतात. पहिल्या प्रकारचे सत्तर आणि दुसऱ्या प्रकारचे पस्तीस काप हवे असतात. थोडे जास्तच निघतात, ते डागी कापांच्या बदली कामाला येतात.

पुढे माळ. दोन काप समोरासमोर ठेवून यंत्राखाली सारायचे, शिलाई संपली की दोरा न तोडता पुढची जोडी लावायची, आणि पस्तीसही जोड्या एका दोऱ्यावर लोंबू लागल्यावरच कात्री हातात घ्यायची. तिसरा काप दुसऱ्या फेरीत. इस्त्री करताना शिलाईची माया, म्हणजे शिलाईपलीकडे उरणारी कापडाची कड, नेहमी गडद कापडाकडे वळवायची. त्यामुळे एका कापाची माया बाहेर वळते, शेजारच्याची आत, आणि दोन्ही सांधे टाचणीशिवाय एकमेकांत बसतात. हे ज्याला कळले त्याची निम्मी उसवण वाचली.

माया पाव इंचाचीच हवी. प्रत्येक शिलाईत दोन्ही कापडांतून अर्धे सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, जास्त गेले, तर दोन शिलायांत ब्लॉक पाव इंचाने आखडतो, अखंड ब्लॉक मात्र होता तसाच राहतो. मग नऊ घरांच्या चार ब्लॉकांची ओळ एक इंचाने आणि तीनांची पाऊण इंचाने कमी भरते, आणि दोन ओळी एकमेकींना ओढू लागतात. म्हणून एका गोधडीच्या सगळ्या लांब शिलाया एकाच यंत्रावर, एकाच बाईच्या हातून व्हाव्यात, असा जाऊबाईंचा नियम होता आणि आजही आहे. एक जुनी शिलाई-मशीन त्यांनी याच कामासाठी राखून ठेवली. मशीनच्या दाबपायाच्या उजव्या बाजूला चिकटवलेली पुठ्ठ्याची पट्टी झिजली की त्या स्वतः बदलतात, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत.

२०१९ चा महापूर आणि पुढच्या वर्षीची टाळेबंदी यांवर सगळ्यांनीच लिहिले आहे. आम्हाला त्याआधी एका मोठ्या मागणीने बुडवत आणले होते. बाहेरगावच्या त्या व्यापाऱ्याने आमच्याकडून नमुने नेले, खोलीत तासन्तास उभे राहून काम पाहिले, आणि आम्ही भिंतीवर लावलेले फेऱ्यांचे, म्हणजे कोणती शिलाई कितव्या खेपेला याचे, पत्रक ‘मालकांना दाखवतो’ म्हणून मागून घेतले. त्याच्या शब्दावर आम्ही पतपेढीतून कर्ज उचलले, ठाणे उतरवले, पट्ट्या फाडल्या. त्यानंतर त्याने मागणी रद्द केली, आमच्या दोन अनुभवी बायका जादा मजुरीचे आमिष दाखवून नेल्या आणि आमचाच नमुना आमच्यापेक्षा कमी भावात बाजारात आणला. फोन केला तर ‘धंदा आहे, ताई’ एवढेच उत्तर मिळाले. त्याने कामाची वाटणी मात्र घरोघर अख्ख्या गोधडीवर केली. प्रत्येकीची माया वेगळी, प्रत्येकीची इस्त्री वेगळी. त्याच्या गोधड्यांचे कोपरे कसे भिडतात, ते ज्याने घेतल्या त्याने पाहावे.

आम्ही तरलो याचे कारण असे, की कापड अजून पट्टीच्याच रूपात होते. चौकोन कापून ठेवले असते, तर ते दुसऱ्या कशाला आले नसते. साडेतीन इंची पट्टी मधून फाडली की पावणेदोन इंचाच्या दोन पट्ट्या होतात, आणि त्या मधल्या चौकोनाभोवती चढवत नेल्या की बाजारात लॉग कॅबिन म्हणून ओळखली जाणारी नक्षी तयार होते. तिथेही फेऱ्यांचाच हिशेब: सगळी मधली घरे एका लांब पट्टीवर रांगेने शिवायची, सुटी करायची, इस्त्री करायची आणि मगच दुसरी बाजू.

त्या गोधड्या पहिल्यांदा घेतल्या सांगलीच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकांनी. आम्ही त्यांना बाईच म्हणतो. त्यांनी उलटी बाजू पाहिल्याशिवाय कधी गोधडी घेतली नाही. अस्तर लागण्यापूर्वी येऊन माया कुठे वळली आहे ते बोटाने तपासतात आणि मग पूर्ण पैसे आगाऊ ठेवतात. त्या वर्षी त्यांनी आपल्या मैत्रिणींनाही पाठवले आणि भावात घासाघीस करू दिली नाही.

नव्याने या धंद्यात येणाऱ्या मुलींना मी न विचारता सांगते: निम्मी रक्कम हातात आल्याशिवाय ठाण उघडू नका. कापड आधी भिजवून, सुकवून, हलकी खळ देऊन घ्या. संपूर्ण लॉट शिवण्यापूर्वी एक ब्लॉक पुरा करून फूटपट्टीवर मोजा. कडेची माया धरून तो साडेनऊ इंच भरायलाच हवा. उरेब (तिरक्या) कापलेल्या तिकोनांची माळ करताना त्यांना ओढू नका, यंत्राला खाऊ द्या. आणि भिंतीवरचे पत्रक कोणाच्याही हाती देऊ नका.

नेलेल्या दोघींपैकी एक परत आली. जाऊबाईंनी तिला काही विचारले नाही, पण लांब शिलायांवर न बसवता इस्त्रीवर बसवले, आणि सध्या ती तिथेच आहे.