नदीसाठी सरकून बसलेली माणसे

नेदरलँड्सला गेलेला प्रवासी पाण्याशी झालेल्या झुंजीची खूण म्हणून किंडरडाइकच्या पवनचक्क्या पाहून येतो. मीही पाहिल्या. कालव्याच्या काठाने ओळीत उभ्या असलेल्या त्या एकोणीस चक्क्या देखण्या आहेत, गर्दीही भरपूर असते, आणि त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांची वाण नाही. मला पाहायचे होते ते याच्या नेमके उलट. ज्या देशाने शतकानुशतके पाणी बाहेर ढकलण्यात हयात घालवली, त्याने आपल्या वसलेल्या जमिनीत नदी मुद्दाम आत घ्यायचे कसे ठरवले, आणि ज्यांच्या शेतात ती घ्यायची होती त्या माणसांनी ते कसे स्वीकारले, एवढे एक कुतूहल घेऊन मी देशाच्या दक्षिणेकडे निघाले.

या बदलामागचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा. १९५३ साली ३१ जानेवारीच्या रात्री समुद्राने बांध फोडले आणि १,८३६ माणसे दगावली. त्यानंतर किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या अवाढव्य बांधकामांचे जगभर कौतुक झाले. पुढचा धोका मात्र पाठीमागून, म्हणजे नद्यांच्या बाजूने आला. १९९३ मध्ये आणि पुन्हा १९९५ मध्ये ऱ्हाइन आणि मास या नद्या इतक्या फुगल्या की दुसऱ्या खेपेस सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. बांध टिकले, पण थोडक्यात. हवामान बदलते आहे तसा आल्प्समध्ये हिवाळ्यात बर्फाऐवजी पाऊस अधिक पडणार आणि तो साठून न राहता थेट नदीत उतरणार, हे तज्ज्ञ सांगतच होते. बांध आणखी उंच करत राहिले तर ते फुटण्याच्या दिवशी होणारा अनर्थही तेवढाच मोठा होईल, हे लक्षात आल्यावर सरकारने तीसहून अधिक ठिकाणी नदीलाच जागा मोकळी करून देण्याचा कार्यक्रम हाती घेतला. जर्मनीतून ऱ्हाइन जिथे देशात शिरते, त्या लोबिथपाशी सेकंदाला १६,००० घनमीटर पाणी आले तरी ते सुखरूप समुद्राला मिळावे, असे उद्दिष्ट ठरले.

त्यांतले ओव्हरडीप हे ठिकाण मी निवडले, कारण तिथली योजना मुळात शेतकऱ्यांनी मांडली होती. डेन बॉसहून वालवाइकपर्यंत बस आहे. पुढे भाड्याची सायकल घेऊन बेर्गसे मासच्या बांधावरून जाता येते. ही नदी म्हणजे खरे तर १९०४ साली पुरा झालेला, माणसांनी खोदलेला मासचा नवा प्रवाह आहे. तो खोदताना गावांमधले रस्ते तुटले, म्हणून सरकारने नदी ओलांडायला फुकट नावा सुरू केल्या, आणि त्या आजही फुकट आहेत. सायकलीसह पलीकडे जाऊन मी उगाचच परत आले, कारण शंभरावर वर्षे पाळले जाणारे सरकारी वचन अनुभवण्याची संधी वारंवार मिळत नाही.

नदी आणि तिचे जुने पात्र यांच्यामध्ये सुमारे साडेपाचशे हेक्टरांचा हा सपाट पट्टा आहे. जेमतेम दीड डझन कुटुंबे इथे प्रामुख्याने दुधाचा धंदा करत होती. २००० च्या सुमारास, पुराचे पाणी घेण्यासाठी आपली जमीन लागणार, ही कुणकुण त्यांना लागली. अशा वेळी विरोधाचे फलक लावणे, वकील गाठणे किंवा भरपाईचा आकडा वाढवत नेणे हे मार्ग सर्वांना माहीत असतात. या मंडळींनी एकत्र बसून वेगळाच प्रस्ताव तयार केला: नदीकडचा बांध बुटका करा, मोठा पूर येईल तेव्हा पाणी आमच्या कुरणांवरून जाऊ द्या, पण आमची घरे आणि गोठे उंच टेकाडांवर बांधून द्या, म्हणजे आम्हाला शेती सोडावी लागणार नाही. टेकाडांवर वस्ती करण्याची कल्पना त्यांना दूर कुठे शोधावी लागली नाही. बांध घालण्याची विद्या अवगत होण्यापूर्वी, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीपासून, उत्तरेकडच्या फ्रीसलंड आणि ग्रोनिंगनमधली माणसे अशीच मातीच्या उंचवट्यांवर राहत आली होती.

आज नव्या बांधाला टेकून असे आठ उंचवटे उभे आहेत. लांबून पाहताना ते डोळ्यांत भरत नाहीत, आणि सायकल चढावर जड होऊ लागली की मगच आपण सहा मीटरांच्या आसपास वर चढतो आहोत हे पायांना समजते. मी ज्या उंचवट्यापाशी थांबले तिथे नवे विटांचे घर, त्यामागे लांबलचक गोठा आणि कडेला प्लास्टिकखाली दाबलेला मुरघास, त्यावर जुन्या टायरांचे वजन, असा सगळा संसार एकाच माथ्यावर दाटीने मांडलेला होता. खाली कुरणात एकही इमारत नाही. ते कुरण सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा बुडेल असे धरले आहे, आणि बुडेल तेव्हा नदीची पातळी तेथे सुमारे २७ सेंटिमीटरनी उतरेल. मला हा आकडा आधी किरकोळ वाटला होता. बांधाच्या माथ्याशी पाणी आलेले असताना मात्र एवढी वीतभर उंचीच शहर वाचवते किंवा बुडवते.

या गोष्टीची दुसरी बाजू कौतुकाच्या लेखांमध्ये एका वाक्यात उरकली जाते, म्हणून मी ती जरा थांबून सांगते. आठ उंचवटे म्हणजे आठच शेती राहिल्या. निम्म्याहून अधिक कुटुंबे भरपाई घेऊन निघून गेली. उरलेल्यांना प्रत्येकी अधिक जमीन मिळाली आणि त्यामुळेच त्यांची शेती परवडणारी झाली, म्हणजे काहींचे जाणे हाच इतरांच्या राहण्याचा आधार होता. प्रस्तावापासून काम पुरे होईपर्यंत पंधरा वर्षे गेली. इतका काळ आपला गोठा दुरुस्त करावा की पाडला जाण्याची वाट पाहावी, या अनिश्चिततेत जगणे सोपे नसते. सामूहिक निर्णय म्हणजे सर्वांचा आनंद, अशी भाबडी समजूत येथे टिकत नाही. नुकसान कोणाचे, लाभ कोणाचा आणि लाभ घेणाऱ्याने नुकसान सोसणाऱ्याला काय द्यायचे, याचा हिशेब समोरासमोर बसून झाला, एवढेच या गावाविषयी खात्रीने म्हणता येते. आणि माझ्या मते तेवढेही फार झाले.

असा हिशेब करण्याची सवय या लोकांना जुनी आहे. पाणी सांभाळण्यासाठी येथे 'वॉटरस्खाप' नावाची मंडळे आहेत. राइनलँडच्या मंडळाची मुळे तेराव्या शतकात जातात, म्हणजे ही मंडळे डच राष्ट्रापेक्षाही वयाने मोठी आहेत. आज अशी एकवीस मंडळे उरली आहेत. त्यांची स्वतंत्र निवडणूक होते (मागची मार्च २०२३ मध्ये झाली), ती स्वतःचा कर बसवतात आणि तो भाडेकरूलाही चुकत नाही. पूर्वी प्रत्येक शेतकऱ्याकडे बांधाचा ठरावीक तुकडा सांभाळायला असे. ज्याला तो झेपेनासा होई, त्याने आपले फावडे बांधात रोवून जमिनीवरचा हक्क सोडायचा, आणि जो ते फावडे उपटील त्याने जमिनीबरोबर बांधाची जबाबदारीही उचलायची, असा रिवाज होता. रिवाज क्रूर आहे खरा, पण एकाच्या वाट्याचा बांध कच्चा राहिला तर बुडणार सगळेच, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पूर चढला की बांधांवर गस्त घालायला आजही प्रशिक्षित स्वयंसेवक बाहेर पडतात.

नाइमेखनला मी पुढच्या टप्प्यात गेले. तेथे वाल नदी शहरापाशी अरुंद होऊन वळते, म्हणून समोरच्या लेंट गावाचा बांध ३५० मीटर मागे नेऊन मधल्या जागेत नदीसाठी दुसरा प्रवाह खोदला आहे. सुमारे पन्नास घरे त्यासाठी गेली. आता तेथे धावायला, वल्हवायला आणि नुसते बसायला माणसे येतात, आणि भर पुरात एका पादचारी पुलाची टोके पाण्याखाली जातील अशीच त्याची रचना आहे. शहराला सुंदर नदीकाठ मिळाला. ज्यांची घरे गेली त्यांना तो किती सुंदर दिसत असेल, हा प्रश्न मी तेथे कोणाला विचारू शकले नाही.

परतीच्या आधी हेगला थांबणे भाग होते, कारण जागा करून देणे ही अर्धीच बाब झाली. पाणी वाढण्याचे कारण तसेच राहते. त्या दुसऱ्या अर्ध्या भागासाठी ८८६ नागरिकांनी उर्गेंडा या पर्यावरणवादी संस्थेसह आपल्याच सरकारवर खटला भरला होता. २०२० च्या अखेरीस हरितगृह वायूंचे उत्सर्जन १९९० च्या तुलनेत किमान २५ टक्क्यांनी घटवावे, हा आदेश त्यांनी २०१५ मध्ये मिळवला आणि २० डिसेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. न्यायालयाच्या नव्या इमारतीसमोर जुन्या कायदेपंडितांचे पुतळे आहेत. ते पाहून मी स्थानकाकडे वळले. उद्दिष्ट वेळेत जेमतेम गाठले गेले, पण त्यात महासाथीच्या टाळेबंदीचा आणि सौम्य हिवाळ्याचा हात होता. २०२१ मध्ये उत्सर्जन पुन्हा वाढले, आणि त्याच जुलैमध्ये मास नदीला ऐन उन्हाळ्यात पूर आला.