‘योग्य ती छाटणी’ म्हणजे नेमकी किती?

गेल्या वर्षी पावसाळ्यापूर्वी आमच्या सोसायटीने छाटणीचे काम दिले, तेव्हा कार्यादेशात एकच ओळ होती: ‘आवारातील झाडांची योग्य ती छाटणी करणे.’ दोन दिवसांत फाटकाजवळच्या गुलमोहराचा शेंडा उतरला आणि मांडीएवढे जाड खुंट तेवढे उरले. बिल अडवायला बसलो, पण बोट ठेवायचे कुठे? ठेकेदाराने आदेशाबाहेरचे काही केलेच नव्हते.

यंदाचा आदेश मी लिहिला. प्रत्येक झाडाला क्रमांक दिला आणि छाटणी कशासाठी हवी तेही नोंदवले, उदाहरणार्थ ‘क्र. ७, पर्जन्यवृक्ष: गच्चीच्या कठड्यापासून २ मीटर मोकळे अंतर राखणे, शेंडा कापू नये, १० सेंटीमीटरहून जाड फांदी लेखी संमतीशिवाय कापू नये.’ ‘पाव हिश्शाहून अधिक पालवी काढू नये’ हेही लिहिले, पण पाव हिस्सा शेवटी नजरेनेच ठरतो आणि त्यावर वाद होतो. कापाची जाडी मात्र टेपने मोजता येते.

सर्वाधिक वेळ काप कुठे घ्यायचा या कलमावर गेला. फांदी खोडाला मिळते तिथे फुगवटा असतो. ॲलेक्स शिगो या अमेरिकी संशोधकाने असंख्य खोडे चिरून दाखवले की झाड जखम भरून काढत नाही, तर कुजलेला भाग आतल्या आत बंदिस्त करते, आणि हा फुगवटा शाबूत असेल तरच ते नीट साधते. म्हणून लिहिले: कोयता नको, करवतच वापरावी, जड फांदीला खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून आणि मग थोडे पुढे वरून काप द्यावा, म्हणजे फांदी कोसळताना साल खोडापर्यंत सोलली जात नाही, उरलेला खुंट फुगवट्याच्या लगत, पण त्याला धक्का न लावता काढावा. कापावर डांबर किंवा रंग लावू नये.

१९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली घेतलेल्या परवानगीची प्रत आदेशाला जोडली.

पैसे झाडागणिक, तेही दोघांनी मिळून झाडाखाली पाहणी केल्यावरच, असे ठरले. क्र. ७ वर वीतभर लांबीचे दोन खुंट राहिले होते. मी कलम दाखवले. ठेकेदाराने ते वाचले आणि माणसाला पुन्हा वर चढवले.