पुसट नक्कल

डिसेंबर लागला की आमच्या शाळेत दुपारच्या तासांना काही अर्थ उरायचा नाही. एका वर्गातून लेझमीचा ठेका, दुसऱ्यातून पेटीचे सूर, आणि ड्रॉइंगच्या वर्गात पुठ्ठ्यावर सोनेरी कागद चिकटवून मुकुट करणारी पोरं. गॅदरिंग तीन दिवसांचं. पहिला दिवस खेळांचा, दुसरा बक्षीस समारंभ आणि शेलापागोट्यांचा, तिसरा नाटकाचा. मैदानात मांडवाचे बांबू येऊन पडले की मला रात्री नीट झोप लागायची नाही.

शाळा सांगलीतली. पाहुणे कोणीही असोत, भाषणात १८४३ साल यायचंच. विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते ह्याच गावात. मग खाडिलकर इथले, देवल हरिपूरचे. हरिपूरचं नाव निघालं की मुली मागे वळून माझ्याकडे बघायच्या, कारण मी रोज तिथून यायचे. फार अभिमान वाटायचा. पण पाचवी ते नववी अशी पाच गॅदरिंगं झाली आणि पाचही मी विंगेतूनच बघितली.

अक्षर बरं होतं, म्हणून नाटकाच्या नकला करायचं काम सहावीपासून माझ्याकडे आलं. तीन कागद, मधे दोन कार्बन, आणि बॉलपेन जोर देऊन चालवायचं. बोटाच्या पेराला खळगा पडायचा. पहिली प्रत बाईंना, बाकीच्या काम करणाऱ्यांना. तिसरी प्रत पुसट यायची, त्यातलीच एक मी स्वतःला ठेवायचे. नकला मी करायचे म्हणून प्रॉम्प्टिंगही माझ्याकडेच आलं. तालमी संपेपर्यंत सगळ्यांची सगळी वाक्यं पाठ झालेली असायची.

नववीचं साल १९८६. मराठीच्या सरांनी स्वतः एकांकिका लिहिली होती, पानिपतावर. लढाई त्यात कुठेच नव्हती. १४ जानेवारी १७६१ नंतरचे काही आठवडे, कृष्णाकाठचं एक घर, आणि बातमीची वाट बघणारी एका शिलेदाराची आई. सगळं नाटक त्या आईवर उभं होतं. शेवटी शेजारीण दिवा मालवायला उठते आणि आई म्हणते, “दिवा राहू दे. तो रात्रीचाच येतो.” हे वाक्य उतरवताना माझ्या हातून पेन खाली ठेवलं गेलं होतं.

रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी, आईचं काम करणाऱ्या मुलीला कांजिण्या आल्या. बाई वर्गात आल्या. टेबलापाशी उभ्या राहून त्यांनी विचारलं, “कोणाला पाठ आहे गं?”

मला पाठ होतं. आईचं तर होतंच, शेजारणीचं होतं, जासुदाचंही होतं. मी बाकावरच्या शाईच्या डागाकडे बघत राहिले. बाई माझं नाव घेतील असं वाटत होतं. त्यांनी घेतलं असतं तर मी उठलेही असते. आज शांतपणे विचार करते तेव्हा कळतं, की बाई विचारत होत्या आणि मी सांगितलं जायची वाट बघत होते. घरून कधी आडकाठी नव्हती, आवाज चांगला होता, नऊवारीसुद्धा आजीची मिळाली असती. हात तेवढा वर झाला नाही. अर्ध्या मिनिटानंतर शेजारच्या तुकडीतल्या एका मुलीला बोलावणं गेलं.

पुढच्या वर्षी करू, असं मी मनाशी म्हटलं. पण आमच्याकडे दहावीच्या मुलांना भाग घेता येत नसे. त्यांना जादा तास आणि सराव परीक्षा. नाटकाच्या दिवशी खुर्च्या लावायच्या आणि मागे बसून बघायचं. चार वर्षं मी त्यांना खुर्च्या लावताना पाहत होते, तरी नववी म्हणजे शेवटचं वर्ष हे माझ्या ध्यानात आलं नाही. बाकीही बरंच राहिलं शाळेत. एलिमेंटरी दिली, इंटरमीजिएटचा फॉर्म भरला नाही. एकदा सहलही हुकली. त्यांचं आता काही वाटत नाही.

नाटकाच्या रात्री डाव्या विंगेत मी स्टुलावर बसले. मांडीवर नक्कल, हातात बॅटरी. स्पिरिट गमचा तो तिखट वास, ड्रेपरीवाल्याच्या ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास. त्या मुलीने दोन दिवसांत जे केलं ते खरोखर मोठं होतं, आजही मी तसंच म्हणेन. ती तीनदा अडली. तिसऱ्यांदा अडली ती त्याच जागी. मी वाक्य दिलं. ती माझ्याकडे न बघता, समोर अंधारात बघत म्हणाली, आणि मांडव इतका गप्प झाला की बाहेरच्या भडंगवाल्याच्या कागदाची चुरचुर ऐकू आली. मग टाळ्या. पडदा पडल्यावर बाईंनी आधी तिला जवळ घेतलं, मग माझ्या पाठीवरून हात फिरवला. “घसा बसला का गं?”

अण्णा सायकल घेऊन फाटकाशी उभे होते. ते हळदीच्या पेढीवर होते, त्यांच्या सदऱ्याला कायम हळदीचा वास. मी कॅरिअरवर बसले. हरिपूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी चिंचा, मधे मधे एखादाच दिवा. गावातले आवाज मागे पडले तशी मी म्हणायला लागले, आधी पुटपुटत, मग मोठ्याने. आईचं अख्खं काम, पहिल्या वाक्यापासून, जागा घेत, थांबत. अण्णांनी पायडल मारणं हळू केलं. शेवटच्या वाक्याला तर सायकल थांबलीच होती.

“हे काम तुझं होतं होय गं?”

“नाही.”

ते थोडा वेळ तसेच एक पाय टेकून उभे राहिले. मग म्हणाले, “परत म्हण,” आणि सायकल हळूहळू चालवायला लागले.