तार आधी उतरवावी लागते

आज रविवारी दादरच्या घरी, बाहेर पावसाची संततधार लागलेली असताना, गेले सात महिने खरखरत राहिलेला गिटारचा एफ बार कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचा स्वरांचा मेळ, पहिल्यांदाच स्वच्छ वाजला, आणि मी कितीतरी वेळ तोच पुन्हा पुन्हा छेडत बसलो. या कॉर्डसाठी तर्जनी पहिल्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवर धातूच्या पट्ट्यांनी पाडलेल्या पहिल्या घरात, सहाही तारांवर आडवी धरावी लागते. इतके दिवस मी केवळ जोर वाढवत होतो. मनगट दुखायचे, तार मात्र मुकीच राहायची. चुकत होती ती जागा. बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी लगत ठेवले, कोपर अंगाजवळ घेतले आणि निम्म्या ताकदीत स्वर उमटला. ऑफिसात सहकाऱ्यांवरही मी असाच जोर देत आलो आहे, हे त्या क्षणी जाणवले आणि वाईट वाटले.

मुंबईच्या दमट हवेत लाकूड ओलावा धरते, त्यामुळे पावसाळ्यात तारा रोज स्वरात लावाव्या लागतात. पाचव्या तारेचा ए स्वर ११० हर्ट्झचा. खुंटी पिळताना तो वर गेला, तर तार आधी त्याच्याही खाली उतरवून मग सावकाश चढवत आणावी लागते, नाहीतर खुंटीत राहिलेल्या ढिलेपणामुळे ती वाजवता वाजवता पुन्हा उतरते. काल मी लेकीशी आवाज चढवून बोललो होतो. आज गिटार बाजूला ठेवून आधी तिची माफी मागितली, तिचे म्हणणे पूर्ण ऐकले आणि मगच परीक्षेचा विषय काढला. संध्याकाळी ती आपणहून शेजारी येऊन बसली आणि तोच कॉर्ड तिने स्वतःच्या बोटांनी धरून पाहिला.