येलदरीच्या पाण्यावर दोन कनू, तीन दिवस

परभणी जिल्ह्यातल्या येलदरी धरणावर कनू, म्हणजे वल्ह्याची उघडी होडी, घेऊन जायचं असेल तर उजाडताच निघा. बाकीची तयारी थोडी कमी-जास्त झाली तरी चालेल. आम्ही चौघं मित्र जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दोन रात्री, तीन दिवस या पाण्यावर होतो. जे काही चुकलं ते उशिरा निघालो म्हणून चुकलं.

मी परभणीचा. येलदरी किती भरलं, हा आकडा लहानपणापासून पेपरात वाचत आलो. धरण १९६८ साली पूर्ण झालं. एकूण साठा ९३४ दलघमी (दशलक्ष घनमीटर), त्यातला ८०९ जिवंत, म्हणजे वापरता येणारा. अजिंठ्याच्या रांगेतून आलेली पूर्णा इथं अडते. इथलं पाणी वीजघरातून खाली सिद्धेश्वर धरणात उतरतं, मग कालव्यांनी परभणी, हिंगोली, नांदेडच्या रानात जातं. एवढं सगळं पाठ होतं, पण ते पाणी पाहिलं होतं फक्त भिंतीकडून, सहलीत, डबा खाताना.

पुण्याच्या मित्राकडे दोन कनू आहेत, फायबरच्या, पाच मीटर लांब. कनू वरून उघडी असते आणि तिच्या वल्ह्याला एकाच टोकाला पातं असतं. सामान भरपूर मावतं, त्यामुळे मुक्कामाला वरून झाकलेल्या, अरुंद कयाकपेक्षा हीच बरी. त्यानं त्या टेम्पोवर बांधून जिंतूरला आणल्या. तिथून येलदरी पंधराएक किलोमीटर. पाटबंधारेच्या कार्यालयात आधीच अर्ज देऊन परवानगी घेतली होती, पोलीस ठाण्यातही चौघांची नावं आणि परतायची वेळ लिहून दिली होती. हे टाळू नका. भिंत, सांडवा आणि वीजघराच्या बाजूला तर अजिबात फिरकू नका. आम्ही भिंतीपासून बऱ्याच अंतरावर होड्या पाण्यात सोडल्या आणि धरणाकडे पाठ करून निघालो.

पहिला दिवस सोन्यासारखा गेला. सात वाजता पाणी तेलासारखं शांत होतं. वारकरी पक्ष्यांचे काळे थवे पुढे पुढे सरकत होते, चक्रवाकांची जोडी काठावर ओरडत होती. अकरा किलोमीटर गेलो तेव्हा दहा वाजून गेले होते. वाटेत एक मासेमार मामा भेटले. त्यांच्याकडून दोन राहू घेतले. आजोबांचं वावर कुठल्या अंगाला पाण्याखाली गेलं, ते त्यांनी वल्ह्यानं दाखवलं. तिथं आता त्यांचंच जाळं होतं. निघताना म्हणाले, "दहाच्या आत काठ धरत जा. मंग वारं कुणाचं ऐकत नसतंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही ऐकलं नाही. चहा झाला, पोहे झाले, फोटो झाले आणि निघायला साडेनऊ. अर्ध्या तासात आडवा वारा सुटला. इथं लांबच लांब उघडं पाणी आहे. वाऱ्याला अडवायला काही नसलं की लाट वाढतच जाते. आमच्या होडीत बाजूनं दोन लाटा आल्या आणि तळाला चार बोटं पाणी साचलं. बोटं थरथरत होती, तरी मित्राचा आवाज शांत होता: गुडघ्यावर बस, नाक लाटेला तिरकं ठेव, वल्हं थांबवू नको. गुडघे टेकले की वजन खाली जातं आणि होडी स्थिरावते, हे मला त्या दहा मिनिटांत कळलं. समोरचा काठ गाठायचा हट्ट सोडून आम्ही काठात आत शिरलेल्या जवळच्या पाण्याच्या फाट्यात शिरलो आणि चार वाजेपर्यंत तिथंच बसून राहिलो.

लाइफ जॅकेट चौघांच्याही अंगात होती, बंद लावून. पोहता येतं म्हणून ते काढून ठेवणाऱ्याला सोबत घेऊ नका, मग तो कितीही जवळचा असो. रिकाम्या डब्याला दोरी बांधून पाणी उपसायला ठेवा. झोपायचं सामान आणि कपडे झाकणाच्या निळ्या ड्रममध्ये घाला आणि ड्रम होडीला बांधा.

वाऱ्याच्या खालोखाल जपायचं ते गाळाला. जानेवारीत पाणी उतरायला लागलेलं असतं आणि काठ वरून वाळलेला दिसतो. आमचा एक जण उडी मारून उतरला तो गुडघ्यापर्यंत रुतला. चप्पल तिथंच राहिली. आधी वल्हं रोवून बघा, मुरूम किंवा दगड लागला तरच उतरा. पाणी हटलेल्या जमिनीवर लोकांनी गाळपेर केलेली असते. आम्ही पाहिला तो हरभरा घाट्यावर आला होता. तंबू त्याच्या वर, पडीकावर टाका आणि जवळच्या वस्तीवर विचारून टाका. आम्ही विचारायला गेलो तेव्हा आजींनी ज्वारीच्या चार भाकरी आणि ठेचा बांधून दिला. पैसे घेतले नाहीत. राहूच्या कालवणाबरोबर त्याच भाकरी खाल्ल्या.

रात्री बोचरी थंडी पडते. उबदार पांघरूण न्याच. वाळलेल्या गवतात चूल पेटवू नका, छोटा गॅस न्या. अंधारात बॅटरीशिवाय पाय टाकू नका आणि सकाळी बूट झटकून घाला. हे घोणशीचं रान आहे. पहाटे तंबूजवळून रोही, म्हणजे नीलगाई, गेले, त्यांच्या खुरांचा आवाज आधी कुणी माणूस आल्यासारखा वाटला. प्यायला माणशी रोज पाच लिटर पाणी धरून चाला. धरणाचं पाणी उकळून फक्त स्वयंपाकाला वापरलं.

पाण्यावर तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे दिसले की तिथं जाळं आहे असं समजा आणि लांबून वळसा घाला. जाळं फाटलं तर एका घराची दिवसभराची कमाई जाते. फोनला रेंज कधी होती, कधी नव्हती. म्हणून घरच्यांना रोज संध्याकाळची वेळ सांगून ठेवली होती आणि त्या वेळी टेकाडावर चढून फोन करत होतो. विंडी या हवामानाच्या ॲपवरचा वाऱ्याचा अंदाज रेंज असतानाच बघून ठेवा.

तिसऱ्या दिवशी साडेपाचला उठलो. चहासुद्धा केला नाही. पूर्वेला तांबडं फुटत होतं तेव्हा होड्या पाण्यात होत्या, आणि साडेनऊला आम्ही टेम्पोपाशी उभे होतो. वारा दहाला सुटला.