5 मिलिसेकंदांत आखडणारी पेशी

शनिवार, रात्र

झोप येत नाहीये, डोक्यात स्पायरोस्टोममच फिरतंय. गोड्या पाण्यातला लांबुळका जीव, 1 ते 4 मिलिमीटर, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसेल एवढा, पण आहे अख्खी एकच पेशी. जरा धक्का लागला की साधारण 5 मिलिसेकंदांत तो निम्म्याहून कमी लांबीचा होतो. आपली पापणी लवायलाच 100 मिलिसेकंद तरी लागतात. स्लो मोशनमधला व्हिडिओ कितीही वेळा बघितला तरी अंगावर काटा येतो.

पण वेगापेक्षा मला जास्त भारी वाटतं ते हे की आखडण्याच्या त्या क्षणी एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जळतच नाही. आपल्या स्नायूत मायोसिन नावाचं प्रोटीन अ‍ॅक्टिन नावाच्या दुसऱ्या प्रोटीनला धरतं, ओढतं, सोडतं, परत धरतं आणि दर फेरीला एक एटीपी खर्ची पडतो. इथे ते चक्रच नाही. असाच आखडणारा दुसरा एकपेशीय जीव व्हॉर्टिसेला, त्याचं बघा, वर घंटेसारखं शरीर, खाली लांब देठ, देठात स्पाझमोनीम नावाचा दोरा आणि त्यात स्पाझमिन, म्हणजे सेंट्रिन नावाच्या कॅल्शियम धरणाऱ्या प्रोटीनच्या घराण्यातलं प्रोटीन. त्याला कॅल्शियम चिकटलं की दोरा आखडतो आणि देठाचं वेटोळं होतं. ग्लिसरीनमध्ये ठेवून पेशी मेलेली असली तरी तो देठ नुसत्या कॅल्शियमने आखडतो, कॅल्शियम काढून घेतलं की परत लांब होतो, एटीपीचा थेंबही न घालता! हा प्रयोग मला या सगळ्या विषयातला सगळ्यात सुंदर वाटतो, कारण इतकं साधं करून इतकं स्पष्ट उत्तर क्वचितच मिळतं.

मग ताकद येते कुठून, तर ती आधीच भरून ठेवलेली असते. पेशी निवांत असताना एटीपी खर्चून कॅल्शियम पंप करत राहते, आतल्या पिशव्यांमध्ये कोंडून ठेवते, आणि वेळ आली की दारं उघडतात, कॅल्शियम भसकन बाहेर येतं आणि प्रोटीनला चिकटतं, बस. नंतर ते सगळं परत आत खेचायचं, म्हणून आखडायला मिलिसेकंद आणि सरळ व्हायला कित्येक सेकंद.

सूक्ष्मदर्शकातून सूक्ष्मजीव बघणाऱ्या लेव्हेनहूकने 1676 सालीच व्हॉर्टिसेलाचं हे आखडणं बघून लिहून ठेवलं होतं. स्पायरोस्टोममच्या आतली रचना मात्र 2023 च्या एका पेपरमध्ये नीट समोर आली, दोन प्रचंड मोठी प्रोटीन्स कण्यासारखी आणि त्यांच्या एकेका रेणूला शेकडो स्पाझमिन बांधलेले. साडेतीनशे वर्षं लागली राव, आणि मला ते वाचून खरंच खूप आनंद झाला.

आणि हे एकट्याचं काम नाहीच. 2019 मध्ये मनू प्रकाश यांच्या स्टॅनफर्डमधल्या ग्रुपने दाखवलं की एक स्पायरोस्टोमम आखडला की त्या झटक्याने पाण्यात भोवरे उठतात, शेजाऱ्याला ते जाणवतात, तो आखडतो, मग त्याचा शेजारी, आणि ही लाट त्यांच्या पोहण्याच्या वेगाच्या शेकडो पट वेगाने पसरते. आखडताना विषही सोडतात, म्हणजे शत्रूवर सगळ्यांचं एकदमच सुटतं. फक्त त्यासाठी पुरेशी दाटी लागते, विरळ असले की लाट मध्येच विझते. ते दाटीचं गणित उद्या परत सावकाश वाचायचंय, आज घाईत नुसत्या आकृत्या बघितल्या.