आमची वाटचाल : "ताई, तुमच्या कोंबड्या अंडी देईनात"

2017 ला आम्ही 100 पिल्लांवर सुरुवात केली. तेव्हा फर्म-बिर्म काही नव्हतं, गोठ्याच्या एका कोपऱ्याला जाळी मारली, कावेरी जातीच्या कोंबडीची एक दिवसाची पिल्लं आणली आणि बल्बखाली वाढवली. डोक्यात एवढंच की लहानपणी पिल्लांची मर जास्त होते, तर ते दिवस आपण काढायचे, मानमोडी (लासोटा), गंबोरो, देवी अशा रोगांच्या सगळ्या लसी करायच्या आणि अडीच महिन्यांची तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, विकायची, म्हणजे पाटण भागातल्या बायकांना परसात डायरेक्ट सोडता येईल. पहिली बॅच आठ दिवसात संपली, आम्ही खूश.

चार महिन्यांनी फोन सुरू झाले. ताई, तुमच्या कोंबड्या अंडी देईनात. एक नाही दोन नाही, आठवड्यात पाच फोन. मला आधी वाटलं हॅचरीवाल्यानेच आपल्याला गंडवलं.

शेवटी आमचे हे गाडीला किक मारून एका वाडीवर गेले. आजींकडे सहा कोंबड्या, खुराडं चांगलं, पण म्हणे एक अंडं नाही बघितलं. ह्यांना दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक गोष्ट शिकवली होती, कोंबडीच्या शेपटीखाली दोन बारीक हाडं लागतात, त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं बसली तर ती अंड्यावर आहे, एकच बोट जेमतेम बसलं तर नाही. सहापैकी पाच जणींच्यात बोटं आरामात बसली! म्हणजे अंडी होती, कुठंतरी जात होती. मग शोधाशोध, आणि कडब्याच्या गंजीमागं 41 अंडी निघाली. बादलीतल्या पाण्यात टाकून बघितली तर निम्मी तरंगली, म्हणजे शिळी. आजींनी अंड्यासाठी टोपली ठेवलेली ती दारात, कुत्र्याच्या वाटेवर, तिथं कोण बसणार? कोंबडीला अंधारा, आडोशाचा कोपरा लागतो. टोपली आत हलवली, तळाला भुसा आणि एक खोटं प्लॅस्टिकचं अंडं ठेवलं, झालं.

तेव्हापासून आम्ही पक्षी विकून हात झटकत नाही.

पण लोकांना काय शिकवणार, आमचीच फजिती पुढं होती. 2018 ला अंडी विकायला 60 कोंबड्या घरीच ठेवल्या आणि पैसे वाचवायला लेयर (अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य) च्या ऐवजी ग्रोवर (वाढत्या पिल्लांचं) फीड आणि वर मका असं चालू ठेवलं. पहिले दीड महिने काही कळलं नाही, मग अंडी पातळ कवचाची यायला लागली, हातात घेतली की फुटायची, आणि एक दिवस तर बिनकवचाचं, नुसत्या पापुद्र्यातलं, दाबलं की पाण्याच्या फुग्यासारखं लिबलिबीत अंडं मिळालं. त्याच आठवड्यात एक कोंबडी अंडं अडकून गेली. नंतर हिशोब कळला. लेयर फीडमध्ये कॅल्शियम साधारण साडेतीन ते चार टक्के असतं, ग्रोवरमध्ये एक टक्क्याच्या आसपास, आणि कोंबडी कमी पडलेलं स्वतःच्या हाडातून काढते, ते किती दिवस पुरणार. कवच चढायला 20 तासांच्या आसपास लागतात आणि त्यातला बराच भाग रात्रीत होतो, म्हणून शिंपल्याचा चुरा आम्ही संध्याकाळी वेगळ्या भांड्यात ठेवतो, जिला पाहिजे ती खाते. आज आमच्या दुकानात सगळ्यात जास्त काय खपतं तर तो चुरा, दोन किलोच्या पिशवीत.

डिसेंबरचं वेगळंच. आपल्याकडं तेव्हा दिवस 11 तासांचा, कोंबडीला अंड्यासाठी 14-16 तास उजेड हवा. आम्ही टायमर लावून पहाटे चारला 9 वॅटचा बल्ब चालू करतो. संध्याकाळी का नाही, तर एकदम लाईट गेली की त्या दांडीवर न चढता खालीच बसून राहतात, मग मुंगसाची मेजवानी.

खुडूक, म्हणजे अंडी बंद करून नुसती उबवायला बसून राहणाऱ्या कोंबडीचा विषय निघाला की सासूबाईंसमोर माझं काही चालत नाही. त्या नाकात पीस घालणार, नाहीतर पाण्यात बुचकळणार. मी म्हणते जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात चार दिवस ठेवा, खालून हवा लागली की खुडूक उतरते, खायला-प्यायला मात्र द्या. दोघींच्या कोंबड्या उतरतात, वाद तसाच.

2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीतून कोरोना होतो अशी अफवा उठली आणि 300 तलंगा अंगावर पडल्या, फीडची उधारी डोक्यावर. मग लॉकडाऊनमध्ये मुंबईहून गावी आलेल्या लोकांनीच त्या नेल्या. 2021 च्या जानेवारीत परभणीकडं बर्ड फ्लू निघाला, परत दोन महिने शांतता. असो.

आता आम्ही तिघं आहोत, महिन्याला 500-600 तलंगा जातात, आणि विकायच्या आधी मी विचारते, रात्री कुठं ठेवणार, खायला काय, उन्हाळ्यात पाणी कोण भरणार. काही लोकांना राग येतो.

मागच्या रविवारी एका दादांचा फोन, दहा कोंबड्या, तीन आठवडे अंडं नाही, रोग आलाय, औषध सांगा. व्हिडिओ मागवला. सगळ्यांच्या माना उघड्या, खुराडंभर पिसं आणि अंगावर नव्या पिसांचे काटे फुटलेले. म्हटलं रोग नाही, पिसं झडतायत, विश्रांतीवर आहेत, अजून दीड-दोन महिने धरा, चांगलं खायला चालू ठेवा.

"आणि तोवर खर्च?"

"तोवर खर्च, दादा."